गोवर बरा झाला, मग मेंदूला सूज कशी येते?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीच्या आरोग्य विभागाने एका शाळकरी मुलाच्या मृत्यूची माहिती जाहीर केली. मृत्यूचं कारण होतं गोवर. पण गोवर झाला होता तो काही वर्षांपूर्वी, हे मूल तान्हं असताना, लस घेण्याचं वय होण्याआधीच. त्यातून ते बरं झालं, वाढलं, शाळेत जाऊ लागलं. आणि मग त्याच जुन्या गोवरामुळे मेंदूचा आजार सुरू झाला, ज्याच्यावर औषध नाही.

आपल्याकडे गोवर म्हणजे अंगावर पुरळ, चार दिवस ताप, घरात कडुलिंबाचा पाला आणि 'येऊन गेला की सुटला' अशी समजूत. बहुतेक मुलांच्या बाबतीत ती खरीही ठरते. पण काही मुलांमध्ये गोवर अंगावरून उतरल्यानंतर मेंदूत गडबड सुरू होते. कधी आठवड्याभरात, कधी सात-आठ वर्षांनी. हे दोन वेगवेगळे आजार आहेत. त्यांची कारणं वेगळी, उपचार वेगळे आणि शेवटही वेगळा. सोशल मीडियावर मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि वर लशीचं नाव जोडलं जातं. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आधी मायलिन म्हणजे काय ते बघू

घरातल्या विजेच्या वायरवर प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मेंदू आणि मज्जारज्जूतल्या बहुतेक लांब तंतूंवर चरबीयुक्त पदार्थाचं आवरण असतं. त्याला मायलिन म्हणतात. मेंदूचा आतला भाग पांढरा दिसतो तो या मायलिनमुळेच. आवरण शाबूत असेल तर संदेश झपाट्याने पुढे जातो. ते सोललं गेलं की संदेश रेंगाळतो, अडखळतो किंवा पोहोचतच नाही. मग ज्या जागेचं आवरण गेलं त्यानुसार लक्षणं दिसतात. कुणाची नजर अंधूक होते, कुणाचा तोल जातो, कुणाचा एक हात-पाय लुळा पडतो, कुणाला लघवी करता येत नाही.

पुणेकरांना यातला अर्धा भाग आधीच ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम म्हणजे जीबीएसची साथ आली आणि संशयित रुग्णांचा आकडा २०० च्या पुढे गेला. त्या आजारात आपलीच रोगप्रतिकारक शक्ती मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांवर हल्ला करते. पुण्यात त्याला कारणीभूत ठरला तो दूषित पाण्यातून-अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू. असाच हल्ला नसांऐवजी थेट मेंदूतल्या मायलिनवर झाला तर जो आजार होतो, त्याचं नाव अक्यूट डिसेमिनेटेड एन्सेफॅलोमायलायटिस. नाव तोंडात बसत नाही, म्हणून डॉक्टरही त्याला 'एडेम'च म्हणतात.

विषाणू गेला, फौज मागे राहिली

मेंदूज्वर म्हटलं की आपल्याला जपानी मेंदूज्वर किंवा चंडिपुरा आठवतो. चंडिपुरा हे नाव नागपूरजवळच्या गावाचं, १९६५ साली हा विषाणू तिथल्या रुग्णांमध्ये सापडला. या आजारांत विषाणू स्वतः मेंदूवर चाल करून जातो आणि मूल तापाच्या ऐन भरात, काही तासांत बेशुद्ध पडू शकतं.

एडेमचा क्रम निराळा असतो. आधी साधा संसर्ग होतो: गोवर, कांजिण्या, फ्लू, घशाचा किंवा पोटाचा काही आजार. डेंगी, चिकनगुनिया आणि कोविडनंतरही एडेम झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. मूल बरं होतं, खेळायला लागतं. मग काही दिवसांनी, साधारण एक ते चार आठवड्यांत, ते सुस्त होतं, चिडचिडं होतं, असंबद्ध बोलतं, चालताना झोकांड्या खातं. कधी झटके येतात. एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात जागोजागी सुजेचे मोठे, पुसट कडांचे डाग दिसतात. मेंदूत शोधलं तर विषाणू बहुधा सापडत नाही.

मग हे करतं कोण? शरीराची स्वतःची फौज. विषाणूशी लढताना तयार झालेल्या पेशी आणि प्रतिपिंडं मायलिनलाही शत्रू समजू लागतात. पोलिसांना चोराचं वर्णन 'लाल शर्ट, उंच बांधा' एवढंच मिळालं तर रस्त्यावरचा भलताच माणूस पकडला जातो, तसंच काहीसं. गोवराच्या बाबतीत याचा चांगला पुरावा १९८४ साली मिळाला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे रिचर्ड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरू देशातल्या लिमा शहरात गोवरानंतर मेंदूला सूज आलेले रुग्ण तपासले. मेंदूत विषाणू वाढत असल्याची खूण त्यांना सापडली नाही. पण अनेक रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मायलिनमधल्या प्रथिनावर चवताळून उठत होत्या.

एडेम एकंदरीत दुर्मीळ आहे. पण गोवरापुरतं बोलायचं तर हा धोका अजिबात किरकोळ नाही. गोवर झालेल्या साधारण हजार मुलांमागे एकाला तो होतो. त्यात दगावण्याचं प्रमाण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास सांगितलं जातं आणि वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांत फिट्स, मंदत्व किंवा अशक्तपणा मागे राहतो. इतर साध्या संसर्गांनंतरच्या एडेममध्ये चित्र पुष्कळ बरं असतं. वेळेत उपचार मिळाले तर बहुसंख्य मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट

शरीर आपल्याच मेंदूवर हल्ला करतं हे वैद्यकशास्त्राला कसं कळलं, या गोष्टीचा एक धागा भारतातून जातो. घरातल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचारा, कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, हे ते लगेच सांगतील. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास हिमाचलातल्या कसौलीच्या सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये विकसित केली होती. पुढे अनेक दशकं भारतात ती मेंढीच्या मेंदूपासून बनत होती. मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलने तो निष्क्रिय करायचा आणि त्या मेंदूचंच द्रावण टोचायचं.

म्हणजे लशीबरोबर मेंढीचं मायलिनही शरीरात जायचं, तेही रोज. काही लोकांचं शरीर त्या मायलिनविरुद्ध पेटून उठायचं आणि मग आपलं-परकं हा फरक उरायचा नाही. काहीशे ते काही हजार लोकांमागे एखाद्याला अर्धांगवायू किंवा मेंदूची सूज यायची. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. त्यात कोणताही विषाणू नव्हता, तरीही काही माकडांच्या मेंदूतलं मायलिन सोललं गेलं. दोष विषाणूचा नसून प्रतिकारशक्तीचा असू शकतो, हे त्यातून उघड झालं.

भारताने ही लस बंद केली ती २००४-०५ मध्ये. फारच उशिरा, असं म्हणायला हरकत नाही, कारण सुरक्षित पर्याय त्याच्या कितीतरी आधी उपलब्ध होते. आता मिळणारी रेबीजची लस प्रयोगशाळेतल्या पेशींवर बनते, तिच्यात मेंदूचा अंशही नसतो, ती दंडावर घेतात आणि डोस मोजकेच असतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण हा परिच्छेद अर्धवट कापून 'रेबीजच्या लशीने अर्धांगवायू होतो' अशी पोस्ट कुणी फिरवू नये. कुत्रा चावल्यावर लस टाळली आणि रेबीज झाला तर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कोविड लशीचं काय?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच घेऊ. २०२४ मध्ये आठ देशांतल्या ९ कोटी ९० लाख लसवंतांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर, म्हणजे आपल्याकडे कोव्हिशिल्ड म्हणून दिल्या गेलेल्या लशीनंतर, एडेमचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त सापडले. ही धोक्याची सूचना होती आणि ती लपवली गेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आकडेवारीवर ती पुन्हा तपासली गेली तेव्हा संबंध दिसला, पण प्रमाण निघालं दहा लाख डोसमागे एकाहून कमी.

म्हणजे लशीनंतर एडेम होतच नाही, हे म्हणणं चूक. आणि लशीमुळे सर्रास होतो, हे तर त्याहून चूक. दहा लाखांत एकापेक्षा कमी हे त्या विशिष्ट कोविड लशीचं प्रमाण आहे. गोवराची लस वेगळी आहे, ती १९६३ पासून जगभर वापरात आहे. गोवर होऊ दिला तर मात्र हजारात एक हे प्रमाण सरळ समोर आहे. मुलांना लशी दिल्या जातात ते वय आणि वरचेवर ताप-सर्दी होण्याचं वय एकच असल्यामुळे 'लस दिली आणि मग हे झालं' असे योगायोगही घडतात. एका मुलाकडे बघून त्यातलं काय कशामुळे झालं हे ठरवता येत नाही. त्यासाठी लाखो मुलांच्या नोंदी लागतात, आणि वरच्या अभ्यासांत नेमकं तेच केलं गेलं.

सात-आठ वर्षं दबा धरून बसलेला गोवर

आता लॉस एंजेलिसच्या मुलाला झालेला आजार. त्याचं नाव एसएसपीई, म्हणजे सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस. इथे गणित उलटं आहे. एडेममध्ये विषाणू मेंदूत नसतो, फौज चुकते. एसएसपीईमध्ये फौज समजते की शत्रू गेला, आणि बदललेल्या रूपातला गोवराचा विषाणू मेंदूच्या पेशींत वर्षानुवर्षं लपून राहतो, हळूहळू पसरतो. शेवटी चेतापेशी मरतात, सूज येते, मायलिन नष्ट होतं.

सुरुवात इतकी साधी असते की घरच्यांच्या लक्षात येत नाही. अभ्यासात मागे पडणं, विसरभोळेपणा, हट्टीपणा. शाळेतून तक्रार येते, मूल ओरडा खातं. मग हातातून वस्तू पडायला लागतात, अंगाला ठरावीक अंतराने हिसके बसतात, चालता चालता मान खाली जाते. आपल्याकडे याच टप्प्यावर कित्येक मुलं आधी देवऋषीकडे नेली जातात. पुढे बोलणं, चालणं, गिळणं बंद होतं आणि बहुतेक रुग्ण एक ते तीन वर्षांत दगावतात. काही औषधांनी वेग थोडा मंदावतो, आजार थांबत नाही. भारत, पाकिस्तान, तुर्कस्तान या देशांतल्या न्यूरॉलॉजीच्या वॉर्डांत असे रुग्ण अजूनही दिसतात.

कुणाला होतो? सर्व वयोगट धरले तर गोवर झालेल्या सुमारे दहा हजारांत एकाला, असं साधारण सांगितलं जातं. पण वय कमी तसा धोका वाढतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्यांमध्ये हे प्रमाण १,३६७ मध्ये एक आणि एक वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये ६०९ मध्ये एक निघालं. आकडा लहान अभ्यासातला आहे, पण दिशा स्पष्ट आहे. मृत रुग्णांच्या मेंदूतल्या विषाणूची जनुकीय तपासणी झाली तेव्हा प्रत्येक वेळी समाजात फिरणाऱ्या गोवराचाच विषाणू सापडला, लशीतला नाही.

आता यातला खरा पेच बघा. सर्वांत जास्त धोका ज्या बाळांना आहे, त्यांनाच लस देता येत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात तोवर लस नीट लागू पडत नाही. म्हणून अमेरिकेत पहिला डोस एक वर्षानंतर देतात. आपल्याकडे गोवर जास्त, वाट बघणं धोक्याचं, म्हणून नऊ महिने पूर्ण झाल्यावर. या वयात साधारण ८५ टक्के बाळांमध्ये संरक्षण तयार होतं, उरलेल्यांमध्ये नाही. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो तो या उरलेल्यांसाठी. पुष्कळ पालकांना तो वरकड डोस वाटतो आणि तोच राहून जातो. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्षण करायचं तर एकच मार्ग उरतो: त्याच्या भोवतीच्या मोठ्या मुलांनी लस घेतलेली असणं. गोवराचा एक रुग्ण बेसावध गर्दीत १२ ते १८ जणांना आजार देतो, म्हणून हे कवच टिकायला दोन्ही डोसचं प्रमाण ९५ टक्क्यांवर लागतं.

गोवंडीतल्या बाळांचा हिशेब

कोविडच्या काळात हे कवच फाटलं. २०२१ या एका वर्षात जगभरातल्या जवळपास ४ कोटी मुलांचा गोवर लशीचा डोस चुकला. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची मोठी साथ आली, मुलं दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण वाढले, केंद्राची पथकं आली. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस आणि काही ठिकाणी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही डोस द्यावा लागला.

साथ ओसरल्यावर बातम्या थांबल्या. पण एसएसपीई साधारण सहा ते दहा वर्षांनी दिसतो. म्हणजे २०२२ मध्ये गोवर झालेल्या बाळांसाठी हा काळ २०२८ ते २०३२ असा येतो. कॅलिफोर्नियातलं प्रमाण इथे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, आणि ज्या घरांत मूल बरं झालं तिथे घाबरून जाण्याचं कारण नाही. सहाशेपैकी जवळजवळ सगळी मुलं ठणठणीतच राहतील. मुद्दा यंत्रणेचा आहे. त्या भागातल्या शाळांना आणि दवाखान्यांना हे माहीत हवं की तिसरी-चौथीतलं एखादं मूल अचानक मागे पडलं आणि त्याच्या अंगाला हिसके बसू लागले, तर 'लहानपणी गोवर झाला होता का?' हा प्रश्न विचारायचा असतो. साथीच्या यशापयशाचा हिशेब आपण रुग्णसंख्येवर लावतो. गोवराचा हिशेब त्यानंतरही दहा वर्षं चालू राहतो, आणि तो मांडायची आपल्याकडे फारशी रीत नाही.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये गोवराने दोन मुलांचा बळी घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला. भारताने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी आधी २०२३ ची मुदत ठेवली होती, ती आता २०२६ आहे.

ताप गेल्यानंतर काय पाहायचं?

गोवर, कांजिण्या किंवा कुठल्याही तापातून उठलेलं मूल पुढच्या महिनाभरात पुन्हा तापलं, झोपेतून नीट जागं होईना, विचित्र वागू लागलं, चालताना तोल जाऊ लागला, एका बाजूचा हात-पाय चालेना, दिसणं कमी झालं, लघवी अडली किंवा झटके आले, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून थांबू नका. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. आधी झालेल्या आजाराची तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगा, निदानाची अर्धी वाट तिथेच सरते.

रुग्णालयात दोन गोष्टींनी पालक बिचकतात. एक, पाठीतलं पाणी काढणं. त्याने मूल लंगडं होतं ही समजूत गावोगावी आहे. सुई घालतात ती मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली, आणि जंतूंचा मेंदूज्वर आहे की एडेम, हे ठरवायला ती तपासणी लागतेच. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर विषाणू आणि जीवाणू दोन्हींवरची औषधं सुरू करतात, ती उगाच दिलेली नसतात. दुसरी भीती स्टेरॉईडची. एडेमवरचा पहिला उपचार शिरेतून तीन ते पाच दिवस दिलेलं मोठ्या मात्रेचं स्टेरॉईड हाच आहे, कारण चवताळलेल्या फौजेला आवरायचं असतं. त्यानंतर गोळ्या काही आठवडे कमी-कमी करत बंद करतात. मूल चालायला लागलं म्हणून मध्येच थांबवायच्या नसतात. स्टेरॉईडने भागलं नाही तर इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे पुढचे पर्याय असतात.

हल्ली 'मॉग' नावाच्या प्रतिपिंडाची रक्तचाचणीही सांगतात. एडेम झालेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये ती पॉझिटिव्ह येते. एडेम बहुतेकांना आयुष्यात एकदाच होतो, पण मॉग असलेल्या काहींना असा झटका पुन्हा येऊ शकतो, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवतात.

शेवटचं काम घरातलंच. मुलाचं लसीकरण कार्ड काढा आणि एमआर, म्हणजे गोवर-रुबेला लशीच्या दोन तारखा तिथे आहेत का बघा. साथीच्या वेळी सहा ते नऊ महिन्यांच्या वयात मिळालेला डोस या दोनांत धरत नाहीत. तो घेतलेल्या मुलालाही नऊ महिन्यांनंतरचा एक आणि सोळा महिन्यांनंतरचा एक, असे दोन्ही डोस द्यावे लागतात. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, आणि कोणत्या दिवशी न्यायचं ते तुमच्या भागातल्या आशाताई सांगतील.